भूगोलाचें पुस्तक व गच्चीवरचा शंकु

२०२० सालच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्रांतील दहावीच्या बहुतेक मुलांचा एकच पेपर व्हावयाचा राहिला होता. तो भूगोलाचा. तारीख होती २३ मार्च. करोनाच्या सांथीमुळें तो प्रथम पुढें ढकलण्यांत आला आणि एप्रिलमध्यें रद्द झाल्याचें जाहीर झालें. इतर विषयांत मिळालेल्या गुणांची सरासरी काढून तिच्यावरून भूगोलाचे गुण द्यावे, असें ठरलें. त्या वेळची परिस्थिति पाहतां ह्याहून निराळें कांहीं करणें कोणासही शक्य नव्हतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या निर्णयानंतर घरोघरीं जें ऐकूं आलें, त्यानें आम्ही विचारांत पडलों. "भूगोलच होता ना, मग कांहीं बिघडलें नाहीं," हे उद्गार आम्हीं एकाहून अधिक सुशिक्षित घरांत ऐकले. समजा, गणिताचा पेपर असाच राहिला असता, आणि मराठी, संस्कृत व इतिहास ह्यांच्या सरासरीनें गणिताचे गुण वांटले असते, तर ह्याच घरांनीं तें इतक्या शांतपणें घेतलें असतें काय? ज्या विषयाची किंमत इतर विषयांच्या सरासरीनें भरून निघते, त्या विषयाला स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें आहे असें आपण मानीत नाहीं, इतकाच ह्याचा अर्थ. आणि मौज अशी कीं, ज्या सांथीनें हा पेपर रद्द केला ती कोठून निघाली, कोणत्या वाटांनीं फिरली, दाट वस्तींत कशी पसरली आणि विरळ वस्तींत कशी रेंगाळली, हा सगळा भूगोलाचाच प्रश्न होता.

तेव्हांपासून आमच्या मनांत होतें कीं, एखादी कादंबरी किंवा चरित्र परीक्षणास घ्यावें, तसें दहावीचें भूगोलाचें पुस्तक एकदां परीक्षणास घ्यावें. ज्या पुस्तकाची आवृत्ति लाखांनीं खपते, जें वर्षभर मुलांच्या दप्तरांत असतें, आणि ज्याचें परीक्षण कोणत्याही मासिकांत येत नाहीं, असें पुस्तक वाङ्मयाच्या कक्षेबाहेर कां ठेवावें? आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीसेक वर्षें घालविलीं. भूगोल हा आमचा विषय नव्हे. पण पुस्तक वाचून त्यांतलें गद्य जिवंत आहे कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार त्यामुळें जात नाहीं, अशी आमची समजूत आहे.

पाठ्यपुस्तक मंडळानें, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या बालभारतीनें, २०१८ सालीं काढलेलें हें पुस्तक हातीं घेतल्यावर पहिली गोष्ट जी दिसते ती त्याची योजना, आणि ती खरोखर स्तुत्य आहे. पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्यांत नळदुर्गाकडील मुलें अलिबागला निघतात आणि पठार, घाट व किनारा असा महाराष्ट्राचा आडवा छेद त्यांच्या डोळ्यांखालून जातो. पुढील सर्व पाठांत भारत आणि ब्राझील ह्या दोन देशांची तुलना आहे : स्थान, भूरचना, हवामान, वनस्पति, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन, वाहतूक. आमच्या लहानपणीं भूगोल म्हणजे राजधान्यांची, पिकांची आणि खनिजांची यादी असे. जो ती न अडखळतां म्हणेल तो हुशार. त्या यादीच्या ठिकाणीं तुलना येणें ही मोठीच प्रगति आहे. ब्राझीलची निवडही मार्मिक आहे. त्याच्या उत्तरेकडून विषुववृत्त व दक्षिणेकडून मकरवृत्त जातें, तर आपल्या मध्यावरून कर्कवृत्त. आपला उन्हाळा तो त्यांचा हिंवाळा. दोन्ही देश परकी सत्तेखालीं राहिलेले, दोन्ही आज संघराज्यें. हें ज्यांनीं योजिलें, त्यांना विषय कळला होता यांत संशय नाहीं.

मग दोष कोठें आहे? त्याचा उलगडा आम्हांस पुस्तक वाचून झाला नाहीं. तो जवळा बाजार येथें झाला.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांत हें गांव आहे. आमची एक चुलत बहीण तेथें दिलेली आहे. २०२४ च्या दिवाळीच्या सुटींत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, आम्ही तिच्याकडे चार दिवस राहिलों. शेतांत हळद उभी होती, सोयाबीन निघून मोंढ्यावर गेलें होतें, आणि कालव्याची पाणीपाळी केव्हां सुटते ह्याची बोलणीं ओट्यावर चालली होतीं. बहिणीची धाकटी मुलगी दहावींत. तिच्या टेबलावर हें पुस्तक आम्हांस दिसलें, आणि मामा ह्या नात्यानें तिची परीक्षा घेण्याची बुद्धि आम्हांस झाली. मुलीला दूर देशींच्या नद्या पाठ असतील व घराजवळची नदी ठाऊक नसेल, अशी आमची अटकळ होती. शहरी माणसाला खेड्याविषयीं अशा अटकळी बांधण्याची हौस असते.

आम्हीं विचारलें, "पूर्णा नदी कोठें मिळते?" उत्तर आम्हांस ठाऊक होतें असें आम्हांस वाटत होतें. मुलगी म्हणाली, "कोणती पूर्णा, मामा?" आम्हीं म्हटलें, "पूर्णा एकच. ती तापीला मिळते." त्यावर ती थोडी संकोचली आणि म्हणाली, "ती विदर्भातली, मामा. ती सातपुड्यांतून येते आणि चांगदेवाजवळ तापीला मिळते. आपली अजिंठ्याच्या डोंगरांत उगवते आणि गोदावरीला जाते. आपल्या पूर्णेवर येलदरी, आणि येलदरीच्या खालीं सिद्धेश्वर." मग तिनें सिद्धेश्वराचा कालवा कोणीकडून येतो, त्याची चारी कोठें फुटते, शेवटच्या टोकाला पाणी कां पोहोंचत नाहीं, आणि वरच्या शेतकऱ्यानें रात्रीं दार उघडलें तर खालच्याचें काय होतें, हें सगळें बोटानें टेबलावर रेघा ओढून आम्हांस सांगितलें. एकाच नांवाच्या दोन नद्या, मधें एक डोंगर. एकीचें पाणी अरबी समुद्रांत, दुसरीचें बंगालच्या उपसागरांत. जलविभाजक म्हणजे काय हें ह्याहून चांगलें आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

"मग हें तूं वहींत लिहिलेंस काय?" असें आम्हीं विचारतांच ती हसून म्हणाली, "मामा, हें भूगोलांत नाहीं. हें आमचं घरचं आहे."

ह्या एका वाक्यांत आमच्या परीक्षणाचा सारा मुद्दा आला. मुलीला अज्ञान नाहीं. तिच्याजवळ जें ज्ञान आहे तें ज्ञान आहे, ही गोष्ट तिला कोणीं सांगितलेली नाहीं. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें तें घरचें, आणि पुस्तकांत छापलेलें तो भूगोल, अशी वांटणी तिच्या मनांत पक्की झालेली आहे. ही वांटणी कोणा एका शिक्षकानें केलेली नाहीं. ती पुस्तकाच्या घडणींत आहे, परीक्षेच्या रीतींत आहे, आणि आपणां सर्वांच्या वृत्तींत आहे.

प्रथम पुस्तकाविषयीं. पुस्तकांतील तुलना दोन रकान्यांत चालते. एका अंगाला भारत, दुसऱ्या अंगाला ब्राझील. पानोपानीं नकाशे, आलेख, तक्ते आणि कृतींच्या चौकटी आहेत. त्यांतील एकेक चीज चांगली. परंतु सलग वाहणारें गद्य ह्या सर्वांच्या फटींतून वाट काढीत येतें. भूगोल हा मुळांत प्रवाशाच्या निवेदनांतून जन्मलेला विषय. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला कशी भिडते, हें सांगावयास वाक्य लागतें. रकान्याला तें साधत नाहीं. रकाना साम्य दाखवील, भेद दाखवील. संबंध दाखविणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे.

उदाहरण म्हणून जवळा बाजारचेंच सोयाबीन घ्या. ब्राझील हा सोयाबीन पिकविण्यांत जगांत पहिला देश आहे. तेथें पीक उदंड आलें कीं जगाच्या बाजारांत भाव उतरतो. आणि तो उतार समुद्र ओलांडून, तेलाच्या व पेंडीच्या व्यापारांतून, हिंगोलीच्या मोंढ्यावर येऊन पोहोंचतो. बहिणीचे यजमान भाव पडला म्हणून आडत्याला आणि सरकारला बोल लावीत होते. त्यांचा राग अगदींच अनाठायीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या देशाच्या हवामानाचा पाठ त्यांची मुलगी आंतल्या खोलींत घोकत होती, त्या देशाच्या पावसाचा ओसरीवरील ह्या बोलण्याशीं कांहीं संबंध आहे, हें आंत किंवा बाहेर कोणाच्याही ध्यानीं नव्हतें. भिंत एकच होती, आणि तिला खिडकी नव्हती.

दुसरें उदाहरण जमिनीचें. जवळा बाजारची काळी जमीन लाव्हाच्या थरांवर झिजून झालेली. साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या सुमारास दख्खनवर तो लाव्हा पसरला. दक्षिण ब्राझीलमध्यें पाराना नदीच्या खोऱ्यांत असाच, पण त्याहून कितीतरी जुना, लाव्हा पसरलेला आहे. त्याच्या झिजेपासून झालेल्या तांबड्या जमिनींत तेथील प्रसिद्ध कॉफी वाढली. एकाच जातीचा दगड येथें काळी माती देतो व तेथें तांबडी, हें कां, असा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलीला घातला तर ब्राझील हें नकाशावरचें चित्र राहणार नाहीं. त्या देशाच्या ईशान्येस अवर्षणाचा प्रदेश आहे. तेथील माणसें पिढ्यानपिढ्या पोटासाठीं साओ पावलोसारख्या शहरांकडे गेलीं. मराठवाड्यांतून दर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्या लोकांची ओळख करून द्यावयास एक परिच्छेद पुरे.

येथें आम्हांस आमचाही एक अपराध कबूल केला पाहिजे. डॅनिएल डीफो ह्याची १७१९ सालची रॉबिन्सन क्रूसोची कादंबरी आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली. क्रूसो बेटावर अडकला तो ब्राझीलमधील आपल्या मळ्यासाठीं आफ्रिकेंतून गुलाम आणावयास निघाला असतां, हें आम्ही कथानक म्हणून सांगत आलों. तो मळा ब्राझीलमध्येंच कां, तेथून आफ्रिका किती दूर, कोणत्या पिकासाठीं माणसें विकत आणावीं लागत, हें आम्हांस एकदांही विचारावेंसें वाटलें नाहीं. रकाने पाठ्यपुस्तकांतच असतात असें नाहीं. ते प्राध्यापकाच्या डोक्यांतही असतात.

आतां परीक्षेविषयीं. लेखी भूगोलाला ४० गुण; इतिहास व राज्यशास्त्राला ४०; उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिल्या पाठांत क्षेत्रभेट आहे खरी, पण ती बहुधा बांकावर बसून होते. मुलें प्रश्नावलि कशी करावी, अहवाल कसा लिहावा हें पाठ करितात, आणि ज्यांनीं शाळेचें फाटक ओलांडलेलें नाहीं तीं क्षेत्रभेटीच्या उत्तराला पुरे गुण मिळवितात. जवळा बाजारच्या मुलांना फार दूर जावयास नको. त्यांच्याच तालुक्यांत दुधाळा येथें गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया ह्या वेधशाळेची जागा आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत, आणि केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें तिला एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. अशी वेधशाळा जेथें जमिनीची थरथर कमीत कमी तेथें बांधावी लागते. आणि ह्याच जिल्ह्यांत २१ मार्च व १० जुलै २०२४ ह्या दोन दिवशीं सकाळीं ४·५ प्रतीचे भूकंप झाले. दोन्ही धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. ज्या जमिनीला शास्त्रज्ञांनीं शांत म्हणून निवडलें, तीच जमीन त्या वर्षीं दोनदां मुलांच्या अंथरुणाखालीं हलली. ह्या विरोधाचें उत्तर काय? रोजची बारीक थरथर आणि क्वचित् येणारा धक्का ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें त्याचें उत्तर. आणि तें शोधावयास दहावीच्या वर्गाइतकी योग्य जागा दुसरी नाहीं. आमच्या भाचीला त्या दोन्ही सकाळी आठवत होत्या. भूकंपाची व्याख्याही तिला येत होती. दोहोंची गांठ मात्र पडलेली नव्हती.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पुस्तक साऱ्या महाराष्ट्रासाठीं एक. त्यांत सावंतवाडी आणि सिरोंचा, धडगांव आणि जवळा बाजार, सगळीं कशीं मावावीं? शिवाय मुलाला आपल्या गांवांतच कोंडून ठेवण्यासाठीं का शाळा असते? भूगोलाचें काम दूरचें जग दाखविणें हेंच आहे. हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करितों. गांवाचा अभिमान शिकविणें हें भूगोलाचें काम नव्हे. जवळा बाजारचा इतिहासच पाहा. १९४८ पूर्वीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत माध्यमिक शिक्षण साधारणपणें उर्दूंतून होई, आणि ज्यांना तें लाभलें त्यांनीं भूगोल 'जुग्राफिया' म्हणून शिकला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद भारतांत आलें. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यांत गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला परभणींतून हिंगोली जिल्हा निघाला. गांव जागचें हललें नाहीं, आणि त्याच्यावरून इतक्या सीमा गेल्या. नद्या व डोंगर देव करितो, पण नकाशावरच्या रेघा माणसें ओढतात व पुसतात, हा धडा ह्या गांवाला स्वतःच्या अनुभवानें आलेला आहे. तो गांवापुरता राहत नाहीं. जगांतील अर्ध्या भांडणांची किल्ली त्यांत आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. प्रत्येक गांवाचें निराळें पुस्तक छापा, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच पुस्तकांत, प्रत्येक पाठाच्या शेवटीं, एक पान कोरें ठेवावें. त्या पानावर त्या पाठाचा आपल्या गांवाशीं असलेला संबंध मुलानें स्वतः पाहून, मोजून किंवा विचारून लिहावा, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकीं कांहीं त्या पानांना द्यावे. छापील पुस्तकांतील जागा महाग असते हें खरें. पण हें पान कोरें असूनही सर्वांत भरलेलें ठरेल.

असें पान कसें भरतें, ह्याचा एक प्रयोग आम्हांस तेथेंच घडला. भाचीनें रेखावृत्तांचें गणित आम्हांस करून दाखविलें होतें. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्ताची. जवळा बाजार साधारण ७७° वर. अंतर साडेपांच अंशांचें. अंशाला ४ मिनिटें. म्हणजे तेथें सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो घड्याळांत १२ वाजून २२ मिनिटांनीं. उत्तर बिनचूक होतें. आम्हीं म्हटलें, पाहूं या तर खरें. गच्चीवर ओळंबा लावून एक सरळ काठी उभी केली, तिच्याभोंवतीं सुतळीनें वर्तुळ काढलें, सकाळीं सावलीचें टोंक वर्तुळाला केव्हां शिवतें आणि दुपारीं पुन्हां केव्हां शिवतें तें घड्याळांत पाहिलें, व दोहोंचा मध्य काढला. आपले जुने ज्योतिषी शंकूनें हेंच करीत. मध्य आला १२ वाजून ७ मिनिटें.

मुलीचा चेहरा उतरला. "चुकलं, मामा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां केलें. पुन्हां जवळजवळ तेंच. तेव्हां तिनें वही उघडली आणि विचारलें, "मग वहींत बावीसच लिहूं ना?"

हा प्रश्न ऐकून आम्हांस जें वाटलें, तें सांगितल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. सोळा वर्षांच्या मुलीनें दोन दिवस उन्हांत बसून सूर्याला प्रश्न विचारला. सूर्यानें उत्तर दिलें. आणि तें उत्तर छापील उत्तराशीं जुळेना म्हणून ती स्वतःचे डोळे खोटे ठरवावयास तयार झाली. कालव्याच्या गोष्टी जिनें 'घरच्या' म्हणून वहीबाहेर ठेविल्या, तीच ही मुलगी. ह्या संवयीची किंमत ४० गुणांत मोजतां येणार नाहीं. उद्यां ती मतदार होईल, शेतकरी होईल, कदाचित् शिक्षिका होईल. कागद एक सांगतो आणि शेत दुसरें सांगतें, असे प्रसंग तिच्यावर वारंवार येतील. प्रत्येक वेळीं ती कागदच खरा धरणार काय?

वास्तविक दोन्ही उत्तरें खरीं होतीं. पृथ्वीची कक्षा अगदीं वर्तुळाकार नाहीं आणि तिचा आंस कललेला आहे. त्यामुळें सूर्य वर्षभर एका चालीनें चालत नाहीं, आणि घड्याळ मात्र सरासरीच्या सूर्यावर चालतें. नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य घड्याळाच्या सुमारें १६ मिनिटें पुढें असतो. बावीसांतून सोळा गेले, सहा उरले. तिच्या सुतळीच्या वर्तुळानें एका मिनिटाची चूक केली होती. फेब्रुवारीच्या मध्यास हाच प्रयोग केला, तर सूर्य १४ मिनिटें मागें पडलेला असून मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास येईल. आम्हांस हें ठाऊक नव्हतें. त्या रात्रीं शोधून काढावें लागलें. तिला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सूर्यालाही सरासरीच लावलीय."

२०२० सालच्या त्या रद्द झालेल्या पेपरची आठवण आम्हांस तेथें झाली. सरासरी ही सोयीची वस्तु आहे. तिच्यावांचून घड्याळें चालणार नाहींत, निकालही लागणार नाहींत. पण अमुक दिवशीं, अमुक गच्चीवर, सावली किती लांब पडते, हें सरासरी सांगत नाहीं. तें सांगणें हेंच भूगोलाचें स्वतःचें काम, आणि म्हणूनच त्याची जागा दुसरा विषय भरून काढूं शकत नाहीं.

निघण्याच्या दिवशीं भाचीनें वहींत दोन्ही आंकडे लिहिले होते, आणि खालीं वर्तुळाची आकृति काढून ठेविली होती. "मामा, हें परीक्षेला येईल का?" तिनें विचारलें. आम्हीं खरें तें सांगितलें, कीं येणार नाहीं. "असूं द्या," असें म्हणून तिनें आकृतीखालीं तारीख घातली आणि गांवाचें नांव लिहिलें.